भिंतीपुरती वाळू

गेले दोन महिने मला धड झोप नाही. कारण एकच. आमच्या दारापासून तापी शंभर पावलांवर, आणि माझी स्वरा साडेचार वर्षांची. नवरा म्हणतो, "तू फार विचार करतेस." असेलही. मी जळगावात वाढलेली, एम.एस्सी. झालेली, पोहायला न येणारी बाई! पण लग्न होऊन या गावात आल्यापासून नदीचे इतके किस्से साचलेत, की पात्रात वाळू उरली नाही, किस्सेच उरलेत.

*

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबांना नदी तोंडपाठ. एकदा पाहुण्यांना पलीकडे पोचवायला निघाले. धोतर खोचलं आणि ऐटीत म्हणाले, "या मन्हा मांगे. आठे घोटाभर पाणी शे."

पुढच्याच पावलाला आबा गायब! वर नुसती टोपी.

ट्रॅक्टरवाल्यांनी वाळू उपसून तिथे विहिरीएवढा खड्डा केला होता. पाहुण्यांनीच आबांना ओढून काढलं. घरी आल्यावर आबा एवढंच बोलले, "नदी तीच शे. मीच जुना व्हई गऊ."

*

मग पंचायतीने काठावर पाटी लावली. 'धोका! खोल पाणी.' पाटीचा पाया काँक्रीटचा, वाळू अर्थात तिथलीच. पहिल्याच पुरात पाटी कलंडली आणि त्याच खड्ड्यात गेली.

मी ग्रामसभेत उभी राहून तक्रार केली. सरपंचभाऊ म्हणाले, "वहिनी, म्हणजे खड्डा खोल आहे हे सिद्धच झालं की!"

बठ्ठी म्हणजे अख्खी सभा हसली. मीही हसले. घरी येऊन त्याचाच राग आला.

*

शेजारच्या अक्कांची म्हैस डुंबायला गेली आणि खड्ड्यातल्या गाळात रुतून बुडाली. ज्या ट्रॅक्टरने तिथली वाळू नेली, त्यालाच दोर बांधून मेलेली म्हैस वर काढली. अक्का पदराने डोळे पुसत ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, चहा पीसन जाय."

स्वरा माझ्या कडेवर होती. "आई, म्हशीला पोहता येतं ना?"

"येतं."

 

*

त्या दिवसापासून मी हट्टच धरला. अंगणाला भिंत हवी, पोरगी नदीकडे जाता कामा नये! आठ दिवसांत दारात ट्रॉलीभर वाळू पडली. ओली, शिंपल्यांसकट.

"ही कुठली?" मी नवऱ्याला विचारलं.

"मग काय दुबईहून मागवू?"

मी पंधरा मिनिटं पर्यावरणावर बोलले. ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "एका ट्रॉलीत भागेल ना भिंत?"

गवंडी अजून आलेला नाही. स्वरा दिवसभर त्या ढिगावर खेळते, शिंपले वेचते. मी ओट्यावरून बघत बसते. अगदी निर्धास्त.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही काठांवरच्या बाया नदीवर येतात, गौराई बोळवतात आणि समोरच्या गावाला मनसोक्त शिव्या देतात. त्या दिवशी कुणी राग धरायचा नाही आणि पुरुषांनी तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. यंदा पात्र इतकं खणलं गेलंय, की पाण्याजवळ कुणाला जाता येईना आणि लांबून आवाज पोचेना. शेवटी देवळातला माइक आणला. पलीकडच्यांनीही भोंगा लावला होता.

पलीकडून आलं, "भुक्कड गाव तुमनं! बठ्ठी नदी गिळी टाकी!"

अक्कांनी माइक ओढला. "गिळी तुम्ही! आमना गावमा वाळूना कण बी नही!"

आमच्या बायांनी टाळ्या पिटल्या. मागे सरपंचभाऊ, ट्रॅक्टरवाले, आबा आणि माझा नवरा ओळीने उभे. तोंडं बंद. अक्कांनी माइक माझ्या हातात कोंबला. "तू शिकेल शे, सुनबाई. दे एक सणसणीत!"

वर्षभराचं सगळं जिभेवर आलं. कुणाकुणाची नावं घ्यायची तेही ठरलं होतं. तोंड उघडलं, आणि दारातला ढीग आठवला. माइकमधून नुसता माझा श्वास ऐकू येत राहिला.

तेवढ्यात स्वराने माझा हात खाली ओढला, माइक तोंडाशी धरला आणि पलीकडे बघून ओरडली,

"ओ मावशी! तुमनी नदी आमना अंगणमा शे! लई जा ना!"