ईनबाईंबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरात

सुनेचं बाळंतपण परदेशात होणार हे कळल्यावर दोन्ही घरांतून एकेक बाई जाईल असं ठरलं. आमच्या घरून मी गेले, सुनेच्या माहेरून तिची आई. आमच्याकडं विहिणीला ईन म्हणतात. त्यामुळं मी त्यांना ईनबाई म्हणायची आणि त्याही मला तेच. मी महागावची. घरी सोयाबीन-कापसाची शेती, आणि मी एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या घाटंजीजवळच्या एका तांड्यावरच्या. त्यांच्या आधीच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरल्या, आता त्यांचंही घर कापूस-तुरीवर चालतं. आमची मुलं नागपूरला एकत्र शिकली आणि तिथंच त्यांचं जमलं. लग्नाला कोणी आडवं आलं नाही. पण पाहुणचारापलीकडं आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नव्हतो.

ग्लासगोच्या त्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकाचा ओटा एकच होता आणि नात एकच. मी तिला हलक्या हातानं तेल लावायची, ईनबाई चांगलं रगडायच्या. मी सुनेच्या भाजीत तिखट घालू देत नव्हते, त्या म्हणायच्या, जराशा तिखटानं काही होत नाही. भांडण एकदाही झालं नाही. दोघीही एकमेकींना अहो-जाहो करत होतो, भांडी तेवढी जोरात वाजत होती.

मग एक दिवस ईनबाई गप्प झाल्या. आधी त्या बाळाला न्हाऊ घालताना सारख्या बोलायच्या, तांड्यावरच्या त्यांच्या बोलीत, गोरबोलीत. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं. बाळाच्या अंगावर पाणी घेताना एक गाणं म्हणायच्या, त्या चालीवर त्यांचा हात चालायचा. ते सगळं एकाएकी बंद झालं. न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज यायचा. मला वाटलं, माझ्याच कुठल्या शब्दाचा राग धरला.

पुढच्या आठवड्यात मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, तुम्हा दोघींसाठी बसची सहल ठरवली आहे. चार दिवस, उत्तरेकडचे डोंगर, तिथला समुद्र, राहणं-खाणं सगळं सहलवाल्यांकडं. इतक्या दूर आलात, देश तरी बघा. ईनबाईंनी लेकीकडं बघितलं. लेक बाळाच्या टोपीची नाडी सोडवत बसली होती. पोरांना चार दिवस आपलं घर हवं होतं, एवढं आम्हा दोघींनाही कळलं. आम्ही दोघींनी एकदमच हो म्हटलं.

बस लहान होती, वीस-बावीस माणसांची, बहुतेक सगळी आमच्याच वयाची. मला पहिलं नवल वाटलं ते ड्रायव्हरचं. कंडक्टर नाहीच. ड्रायव्हरच गाडी चालवत होता आणि गालापाशी लावलेल्या बारक्या माइकमधून माहितीही तोच सांगत होता. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, ही पाटी मी सारी नोकरी डोक्यावर बघत काढली. इथं चालकच बोलायचा थांबत नव्हता. साठीचा, लालसर चेहऱ्याचा, आवाज जाड. त्याचं इंग्रजी मला पहिल्या दिवशी अर्धंही कळलं नाही. दुपारी चहाच्या थांब्यावर मी त्याला तसं सांगितलं. तेव्हापासून तो आमच्यासाठी एकेक वाक्य सावकाश बोलायला लागला, आणि मी ते ईनबाईंना सांगायला लागले. त्या नुसत्या मान हलवायच्या. खिडकीची जागा त्यांनी मला दिली होती. दोन वेळा सांगूनही बदलली नाही.

शहरं मागं पडली. मग घरंही विरळ झाली. दुसऱ्या दिवशी तर बस अशा भागात शिरली, जिथं तासभर एक माणूस दिसत नव्हता. डोंगर उंच होते, पण झाड नाही. उन्हाळ्यात आमच्याकडच्या टेकड्या वाळून पिवळ्या पडतात, तशाच रंगाच्या काही उतरणी, फक्त इथं पायाखाली पाणी. जमीन भिजलेल्या गोधडीसारखी. रस्ता एकाच गाडीपुरता होता. समोरून कोणी आलं की कडेला मुद्दाम रुंद करून ठेवलेल्या जागेत गाडी घालून उभं राहायचं, मग दोघांनी हात वर करायचे, मग पुढं. आमच्या घाटात असं झालं असतं तर आधी हॉर्न, मग खाली उतरून चर्चा.

त्या वळणांनी ईनबाईंना मळमळायला लागलं. त्यांनी सांगितलं नाही. पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पण मी आयुष्यभर बसमधले चेहरे बघितले आहेत. ओठांभोवतीचा रंग गेला की मला समजतं. मी उठून ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून त्यांच्या पाठीवर हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं, पिशवीतलं निंबू नखानं सोलून नाकाशी धरायला दिलं. वारा इतका की दोघींचे पदर सांभाळता येईनात. ड्रायव्हरनं पुढच्या आसनावरच्या जोडप्याला विनंती करून ती जागा आम्हाला दिली.

पुन्हा बसल्यावर ईनबाई म्हणाल्या, "तुमाले तरास दिला."

मी म्हटलं, "तरास कायचा? इतके वर्ष हेच तं केलं."

त्या हसल्या. ग्लासगो सोडल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी विचारलं, पहिल्या दिवशी ड्युटीवर भीती वाटली का. मी सांगितलं, मी गाडी सुटायची घंटी द्यायलाच विसरले होते आणि गाडी नुसतीच उभी. त्यानंतर आम्ही बोलत राहिलो. त्यांचं लग्न होऊन त्या तांड्यावर आल्या तेव्हाच्या गोष्टी, दिरांच्या, सासूच्या. दुपारी त्यांनी डब्यातून जवसाची चटणी काढली आणि आम्ही ती हॉटेलातल्या उकडलेल्या बटाट्यांना लावून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बस एका लांब उतरणीवर थांबली. तिथं एक उठून गेलेलं गाव होतं. म्हणजे आता गाव असं काही नाही, गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, त्यात गवत, गवतात मेंढ्या. खाली समुद्र. ड्रायव्हर आम्हाला भिंतींमधून घेऊन गेला आणि सांगू लागला. इथं घरं होती, माणसं गुरं पाळायची, थोडं धान्य पिकवायची. जमीन त्यांची नव्हती. जमिनीच्या मालकाला मेंढ्यांत जास्त उत्पन्न दिसलं, म्हणून माणसांना उठवलं. खाली समुद्रकाठच्या खडकाळ पट्टीवर जा आणि मासे धरायला शिका, असं सांगितलं. कित्येक जण जहाजांत बसून कायमचे गेले.

मी हे जसं जमेल तसं ईनबाईंना सांगितलं. त्यांनी चरणाऱ्या मेंढ्यांकडं बघितलं.

"मेंढरं तं अजूनबी हायत," त्या म्हणाल्या. "मानसं काहून नाई आली वापस?"

मी ते ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, परत यायला कोणी उरलं नाही. मग त्यानं स्वतःचं सांगितलं. त्याची आजी याच किनाऱ्यावरच्या एका घरातली. इथली जुनी भाषा तिची भाषा होती. शाळेत ती बोलली म्हणून तिनं हातावर छड्या खाल्ल्या होत्या. पुढं स्वतःच्या मुलांशी ती ती भाषा कधी बोलली नाही. मुलांना मार बसू नये म्हणून. त्यामुळं त्याच्या वडिलांना ती आली नाही आणि त्यालाही नाही. आजी म्हातारपणी एकटी असली की स्वतःशी त्या भाषेत बोलायची, ते त्याच्या कानावर पडलं होतं.

बाकीची मंडळी फोटो काढायला पांगली. ईनबाईंनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या एका भिंतीच्या दगडावर बसल्या. मीही शेजारी बसले. 

"लेकीनं मले सांगतलं," त्या म्हणाल्या, "याडी, बाळासंगं आपल्या बोलीत बोलू नको. आधी मराठी, इंग्रजी येऊ दे तिले. एवढ्या भाषांमधी गोंधळून जाईन ती."

याडी म्हणजे आई. एवढं मला येत होतं.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. बरं वाटलं. त्यांचं गप्प होणं माझ्यामुळं नव्हतं. आणि ते बरं वाटणं विरण्याआधीच ईनबाईंकडं बघून जीव तुटला. रागावल्या असत्या तर समजूत काढता आली असती. त्या रागावलेल्या नव्हत्या. लेकीचं बरोबर असेल, असंही त्यांना अर्धं वाटत होतं. मला म्हणाल्या, मराठीत मी सगळं बोलते, बाजार करते, हापिसात जाते. पण तान्ह्या लेकराशी मराठीत काय बोलायचं तेच सुचत नाही. तोंडात येतच नाही. म्हणून गप्प राहते.

मी म्हटलं, घरी गेल्यावर मी सुनेशी बोलते.

"नाई ईनबाई. लेक माही हाय. तुमी बोलसान तं तिले वाटंन, मी कागाळी केली."

ते खरं होतं. मी मान्य केलं. मग आम्ही खाली समुद्रापर्यंत गेलो. दोघींनीही समुद्र इतक्या जवळून आधी कधी बघितला नव्हता. चपला काढून पाय पाण्यात घातले आणि लगेच काढले, इतकं गार. ईनबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावून बघितलं आणि थुंकून टाकलं. मिठाचा धंदा करणाऱ्यांच्या पोटी जन्मले आणि मीठ कुठून येतं ते आज बघितलं, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात बसलो तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. तिथं जून महिन्यात अंधार पडायचं नावच घेत नाही. ड्रायव्हर प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारपूस करत आमच्यापाशी आला. ईनबाई मला म्हणाल्या, याले एक विचारा. आजीची भाषा नाही शिकला म्हणून आजी कधी याच्यावर रागावली का?

मी विचारलं. तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, नाही, ती कधी काही बोलली नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. फक्त एक गोष्ट त्याला येते. आजी संध्याकाळी गाईला धारेसाठी बोलवायची, ती हाक. शब्दांचा अर्थ त्याला माहीत नाही. मी विचारलं, कशी? त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि हळू आवाजात ती हाक मारली. लांब, शेवटी वर चढणारी. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

ईनबाईंना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी हात पुसले आणि तांड्यावर गुरं माघारी बोलवताना त्या जी हाक मारतात, ती तेवढ्याच आवाजात मारली. ड्रायव्हरनं ती पुन्हा मारायला सांगितली, आणि त्यांनी मारली. मग त्यानं मान लववली आणि तो पुढच्या टेबलाकडं गेला. 

परत आलो तेव्हा घर आमच्याशिवाय चाललेलं होतं. मुलगा बाळाला न्हाऊ घालायला शिकला होता. सुनेच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची कांती होती. आमच्याशिवाय अडत नाही, हे दिसलं आणि थोडं टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईनबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि तेल लावता लावता लेकीला म्हणाल्या, मला कळावं म्हणून मराठीतच म्हणाल्या, "मी हिच्यासंगं माह्या बोलीत बोलन. माह्या तोंडातून दुसरं निघत नाई. मी गेली का मंग तू पाय काय करायचं ते."

मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं नाही, पण कान तिकडं होते.  सून आईजवळ खाली बसली आणि पहिल्यांदा सांगितलं. घाटंजीला शाळेत गेली तेव्हा तिच्या तोंडून घरचे शब्द निघाले की वर्ग हसायचा. कितीतरी दिवस तिनं वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. आपल्या मुलीला असं कोणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. ईनबाईंना हे माहीत नव्हतं. तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तेलाचा हात तसाच लेकीच्या गालावर ठेवला आणि गोरबोलीत काहीतरी विचारलं. लेकीनं गोरबोलीतच उत्तर दिलं. मला ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आम्ही गावाकडं परत येईपर्यंत न्हाणीघरातून रोज गाणं ऐकू आलं.

नात आता बोलायला लागली आहे. फोनवर दिसते तेव्हा इंग्रजी फार, मराठी बऱ्यापैकी, आणि ईनबाईंकडून घेतलेले शब्द मोजकेच. ते किती टिकतील, सांगता येत नाही. तिची आई तिच्याशी त्या बोलीत बोलते का, तर कधी बोलते, कधी थकलेली असते. ईनबाई मात्र फोनवर दुसऱ्या भाषेत बोलत नाहीत. नातीला कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणतात.

मागच्या पोळ्याला मी पहिल्यांदा त्यांच्या तांड्यावर जाऊन राहिले. बसनंच गेले, खिडकीशी बसून. त्या थांब्यावर घ्यायला आल्या होत्या. वाटेत त्यांनी मला विचारलं, आपल्याकडून समुद्र कुठून जवळ पडतो. मी म्हटलं, कुठूनच नाही. तरी बघू, म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढं चालायला लागल्या.