मागचं इंजिन

विमानतळावर त्याला सगळे इंजिन म्हणत. प्रवाशांनी जिथे तिथे सोडून दिलेल्या ट्रॉल्या गोळा करायच्या, एकीत एक घुसवून लांबलचक रांग करायची आणि ती मागून ढकलत दाराशी नेऊन लावायची, हे त्याचं काम. इंजिन कधी मागे असतं का, असं कुणी डिवचलं की तो म्हणे, "मग पुढचे डबे काय स्वतःच्या पायांनी चालतात?"

तो कामाला लागला तेव्हा देशातला हा सगळ्यात मोठा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. येणारे आणि जाणारे एकाच दारात एकमेकांच्या पायांवर सामान घालत. पुढे पक्की इमारत झाली, तिला दोन्ही बाजूंनी खोल्या फुटल्या, वर मजला चढला. दर वेळी फीत कापली जाई, भाषणं होत आणि ह्याची पायपीट तेवढी वाढे. त्याची तक्रार नव्हती. रांगेतल्या शेवटच्या दांडीवर तळवे टेकले की पुढची कुठली ट्रॉली तिरकी चाललीय, कुठली निसटायच्या बेतात आहे, ते त्याला हातातच कळायचं.

मग धावपट्टीच्या पलीकडे नवं टर्मिनल उभं राहिलं. सगळा काचेचा कारभार. जुनं बंद होणार, आणि नव्यात ट्रॉल्या ढकलायच्या नाहीत, तर बॅटरीवरच्या छोट्या गाडीने ओढायच्या, असं ठरलं. गाडी चालवायची चाचणी पास होईल तो आत, बाकीच्यांनी घरी बसायचं. बसायला त्याची हरकत नव्हती, गुडघे तर कधीपासून तेच सांगत होते. पण हा विमानतळ त्याने पत्र्यापासून काचेपर्यंत वाढताना पाहिला होता. आता पुरा झाल्यावर नेमकं आपणच बाहेर राहायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना.

चाचणीच्या दिवशी सुरुवात झकास झाली. गाडी सुरू केली, वळवली, मागे ट्रॉल्यांची रांग घेऊन खांब न घासता दोन फेऱ्या मारल्या. शिकवणाऱ्या बाई मान डोलावत होत्या. मग चढ आला. आणि चढ आल्याबरोबर हा इतक्या वर्षांच्या सवयीने गाडीवरून टुणकन खाली उतरला, धावत रांगेच्या मागे गेला आणि शेवटच्या ट्रॉलीला खांदा लावून ढकलायला लागला.

चालक उतरला की गाडीचा ब्रेक आपोआप लागतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो दातओठ खाऊन ढकलतोय आणि गाडी ढिम्म. शेवटी घाम पुसत म्हणाला, "बाई, तुमच्या यंत्रात काही दम नाही."

बघणारे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. "काका, उतरलात कशाला?"

"चढ होता ना!"

"पुढच्या आठवड्यात परत या. पण तेव्हाही उतरलात, तर मग माझ्या हातात काही उरणार नाही."

घरी आल्यावर त्याने तोंड उघडलं नाही. पण बायकोपासून लपवायचं म्हणजे कोंबडं झाकायचं. तिने चहा ओतता ओतता सगळं काढून घेतलं. आधी मनसोक्त हसली. मग उठली आणि घरातली सगळी स्टुलं आणि खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पुढच्या स्टुलावर त्याला बसवलं, चाक म्हणून हातात पातेल्याचं झाकण दिलं आणि शेवटच्या खुर्चीवर स्वतः बसली.

"हां, आला चढ," ती म्हणाली.

त्याने लगेच मागे वळून बघितलं.

"अहो, पुढे बघा! लग्नानंतर इतकं वळून बघितलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता."

"अगं, पण मागची सुटली तर?"

"सुटली तर आवाज होईल की. कान आहेत ना तुम्हाला?"

हातांना कळत नाही तर कानांना विचारावं, ही साधी गोष्ट त्याला सुचलीच नव्हती. त्या आठवड्यात रोज जेवणाआधी खुर्च्यांची गाडी निघायची. झाकणाला पोचे पडले, खालच्या शेजारणीने दोनदा वर येऊन विचारलं की घर बदलताय का, पण बायकोने माघार घेतली नाही.

दुसऱ्या चाचणीला पुन्हा तोच चढ आला. डावा पाय आपसूक बाहेर निघाला. त्याने तो आत घेतला. पाय परत निघाला. शेवटी त्याने चाक घट्ट धरलं आणि मागे कान लावले. खडखड, खडखड, एका लयीत सगळी रांग येत होती. कोणी सुटलं नव्हतं. चढ संपला तेव्हा तो अजून गाडीवरच होता, आणि हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"पाय उतरत होता काका," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला.

"पण तुम्ही नाही उतरलात. पास."

नवं टर्मिनल उघडलं त्या संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "सांगा की! कसं आहे आतून? फरशी कशी आहे? दिवे? एवढा गाजावाजा केलाय त्याचा."

तो खुर्चीवर बसला, बूट काढले, आठवायचा प्रयत्न केला. सकाळी पहिली रांग घेऊन तो चढावरून वर आला, तेव्हा समोर कठड्यापाशी माणसंच माणसं उभी होती, आपापल्या माणसाची वाट बघत. दार सरकलं की सगळ्यांचे डोळे एकदम मोठे व्हायचे. एका म्हाताऱ्याने तर चुकून ह्यालाच हात केला आणि स्वतःच लाजला. एक बाई हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. जुन्या टर्मिनलमध्येही हे सगळं रोज चालतच असणार. पण तेव्हा हा मान खाली घालून, ट्रॉल्यांच्या मागे होता.

"फरशी काय बघितली नाही गं," तो म्हणाला. "दिवेही राहिले. आज दिवसभर नुसती माणसांची तोंडं बघितली."