डिस्कची सेवाज्येष्ठता

आमच्या केंद्रातल्या एअरकंडिशनरच्या जाळीवर धूळ साचे, आणि त्याच वेगाने किस्सेही साचत. फरक इतकाच, की जाळी अधूनमधून धुतली जाई!

नव्वदच्या सुमारास परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात संगणक केंद्र निघाले आणि मी एमएस्सी करून तिथे रुजू झाले, अर्थात प्रोबेशनवर. मला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे केंद्रप्रमुख कदमसाहेबांच्या एका शेऱ्यावर ठरणार होते.

मशीन सुरू होताना त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, आपल्या यादीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, एकदाच विचारतो: तुझे उपकरण हजर आहे का? पुढे काम पडले की तो नाव पाहत नाही, यादीतला नंबर पाहून ड्रायव्हर गाठतो. नियम दोनच. तेवढेही कार्यालयाला जड गेले.

*

हेडक्लार्क माणिकराव मूळचे ताडकळसचे. वीज वाचावी म्हणून ते प्रिंटर थेट दुपारी लावत. एकदा तणतणत आले. "मॅडम, तुमचं मशीन लय लबाड हाय! प्रिंटर म्होरं बसलाय अन् हे म्हणायलंय, न्हाईच!"

"सकाळच्या हजेरीला तो बंद होता, माणिकराव. दुपारी येऊन सकाळची सही ठोकायची सोय मशीनमध्ये नाही."

माणिकराव आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. कामे भराभर उरकली!

*

टेप ड्राइव्ह दुरुस्तीला औरंगाबादला गेली. रोज सकाळी कर्नेल तिची वाट पाहत खोळंबून राही. मी म्हटले, तिचा ड्रायव्हर तात्पुरता बंद करू या.

"अजिबात न्हाई, बाई!" कदमसाहेब कडाडले. "एकदा पोस्ट रद्द झाली की परत मंजूर होत नसतीय. बघू द्या त्याला वाट. आमी न्हाई का बदलीची वाट बघायलो?"

*

कंपनीचा इंजिनिअर टाय लावून आला आणि सापडतील तेवढे ड्रायव्हर त्याने कर्नेलमध्ये कोंबले. "असू द्या मॅडम, कधी लागतील सांगता येत नाही!" कर्नेल इतका फुगला, की मेमरीत मावेना. टाय मात्र व्यवस्थित होता.

*

मग केंद्राचे रीतसर उद्घाटन ठरले. कलेक्टर येणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी ड्रायव्हरांची यादी मागवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पहिल्या नंबरला डिस्क? अन् माझा टेबलावरचा टर्मिनल तिसरा?"

"साहेब, ही सेवाज्येष्ठता यादी नाही. सुरू होताना मशीन डिस्क शोधायला पहिल्याच नंबरवर जाते."

"मला शिकवू नका. माझा टर्मिनल वर घ्या. कायम व्हायचंय ना तुमाला?"

मी लेखी आदेश मागितला. त्यांनी तो झोकदार सही करून दिला. जुना कर्नेल मी बाजूला जपून ठेवला, नवा बनवला आणि म्हटले, "निदान एकदा चालवून पाहू."

"उद्घाटनाआधी? अपशकुन करता का, बाई!"

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, कलेक्टरांनी बटण दाबले. पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि मशीन थिजले. साहेबांनी तत्काळ माझ्याकडे बोट केले. "ह्या बाई प्रोबेशनवर हायेत, सर."

कलेक्टर माझ्याकडे वळले. "काय झालं?"

"सर, मशीन डिस्क शोधायला पहिल्या नंबरवर गेलं. तिथे डिस्क नाही."

"मग पहिल्या नंबरवर आहे कोण?"

माझा हात पर्समधल्या आदेशाकडे गेला होता. पण त्याआधीच कदमसाहेब कोटाचे बटण लावत पुढे सरसावले.

"मी, सर! लेखी ऑर्डर काढून!"