न गळणारी कुंडी

बोर्डवाल्याला सगळं येतं, असं जगात एकाच माणसाला वाटायचं, आणि तो माणूस म्हणजे स्वतः बोर्डवाला. खरं तर त्याला एकच गोष्ट येत होती. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची, आत एलईडीची पट्टी बसवायची आणि दुकानावर चढवायची. ती मात्र अशी यायची, की पंधरा वर्षांपूर्वी त्याने लावलेल्या औषधाच्या दुकानाच्या बोर्डाचं एक अक्षरही अजून विझलं नव्हतं. माणसाने तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर काय बिघडलं असतं?

धाकट्या भावाने छपाईचं मशीन आणलं आणि फोटोसकट बोर्ड तासाभरात छापून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तिकडे वळलं. भाऊ बिचारा घरी येऊन म्हणाला, "दादा, तू माझ्याकडे ये. अक्षरांचं सगळं काम तुझं. महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दादाने नाकाने कांदे सोलले. "मी तुझ्याकडे नोकरी करू? अरे, बोर्ड सोडले मी. आता मी वस्तू डिझाइन करणार."

बायको तिथेच उभी होती. तिने भावाच्या हातातला रिकामा कप घेतला आणि ती आत गेली.

वस्तू कोणती, तर घरात ठेवायची उजेडाची कुंडी. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला बोलता बोलता एवढंच म्हणाला होता, की टेबलांवर पुदिना, बेसिल असं काही ताजं हिरवं असलं तर छान दिसेल. टेबलं चाळीस. बोर्डवाल्याने त्या वाक्याची मनातल्या मनात ऑर्डर करून टाकली आणि चार लोकांना सांगूनही आला.

काम सुबक केलं, हे शत्रूनेही कबूल करावं. दुधी अ‍ॅक्रिलिक कापलं, कडा पाणी लावून घासल्या, तापलेल्या तारेवर धरून शीट काटकोनात वाकवली. सांध्यांत सुईने चिकटवायचं रसायन सोडलं आणि वर आतून सिलिकॉन फिरवलं. एलईडीची पट्टी तळाच्या चोरकप्प्यात, मातीच्या खाली. बटण दाबलं की अख्खी कुंडी आतून उजळायची.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत तडकलेल्या बादलीत कित्येक वर्षं पुदिना लावत होती. तिने कुंडी उलटी करून बघितली.

"तळाला भोक कुठंय?"

"भोक? आयुष्य गेलं माझं पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून, आणि आता स्वतःच्या हाताने भोक पाडू?"

"अहो, आत नाही, बाहेर जायला हवंय ते."

"ना आत, ना बाहेर. तीच तर खुबी आहे."

"आणि दिवा खाली कशाला? पानं वर असतात."

"उजेड आतूनच द्यायचा असतो."

"अक्षराला," बायको म्हणाली. तो पालथा घडा होता हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, म्हणून तिने पुढे वाद घातला नाही.

पुदिना चार दिवस दिमाखात राहिला. पाचव्या दिवशी त्याने मान टाकली. बोर्डवाल्याने आणखी पाणी घातलं. पानं पिवळी पडली. नाचता येईना अंगण वाकडं. त्याने आधी मातीला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, शेवटी बायकोच्या पुदिन्याच्या खानदानाला. तीनदा रोपं बदलली. बादलीचं टक्कल झालं तरी कुंडीत काही जगेना.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, तो कुंडी घेऊन हॉटेलात गेला. निदान ह्या रोपांची पानं अजून हिरवी होती. त्याने बटण दाबलं. वेटर जमा झाले, गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. बोर्डवाल्याची छाती एवढी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

हॉटेलवाल्याने पान खुडायला दोन बोटांनी देठ धरला, तर अख्खं रोप हातात आलं. मूळ काळं, लिबलिबीत. असा वास सुटला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ताट उचललं आणि त्या दुसरीकडे जाऊन बसल्या.

"पाणी कुठून जातं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"कुठूनच नाही. गॅरंटी."

हॉटेलवाल्याने बोटं रुमालाला पुसली, सावकाश. "उजेड मात्र झकास दिलाय हो. असं करा, ही माती-बिती काढा आणि समोर 'प्रसाधनगृह' लिहून द्या. लोक सारखे माझ्या स्वयंपाकघरात शिरतात."

"चाळीस?"

"चाळीस प्रसाधनगृहं कुठली माझ्याकडे? एक."

वेटर हसले. दुसरा कोणी असता तर कुंडी तिथेच आपटून निघून गेला असता. बोर्डवाला आपल्या कारखान्यात आला, कुंडी धुतली, पुसली आणि अक्षरं कापायला बसला. पाच वाजता बोर्ड हॉटेलच्या भिंतीवर चढला. एकही सांधा दिसत नव्हता, उजेड कडेपर्यंत सारखा. त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं. त्यालाही कळलं. आणि ते कळणं फार वाईट होतं.

तिथून तो सरळ भावाच्या दुकानात गेला. मशीन चालू होतं.

"आज महिनाअखेर ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग येतो उद्यापासून."

पुढे 'पण माझ्या अटी' वगैरे येणार, म्हणून भाऊ थांबला. काही आलं नाही. भाऊ म्हणाला, "दादा, टेबल खिडकीशी लावू, का आत भिंतीकडे?"

"तू लावशील तिथे."

भावाला जन्मभर दादाच्या बढायांचा वीट आला होता. आज मात्र त्याने एखादी तरी मारावी, म्हणून तो मशीन बंद करून वाट बघत उभा राहिला.