पडद्यावरचा मकई दरवाजा

दुपारची जेवणं उरकली की मी आणि माझी धाकटी नणंद जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडची कार्टून सिरीयल, बघत बसायचो. तिला हा नाद कॉलेजातल्या मैत्रिणींनी लावला आणि मला तिनं. खाली येणारी इंग्रजी वाक्यं वाचता वाचता मी मेथी निवडायचे, मग भाजीत काड्या तशाच राहायच्या. नवरा ताटातली काडी उचलून विचारायचा, "आज कोण मेलं सिरीयलमधी?"

एका दुपारी नायिका हिंडत हिंडत हिंदुस्थानात येते असा भाग लागला. वरून दिसणारा पूल, त्यावरून ती धावतेय, समोर दगडी कमान आणि कमानीतून बाहेर पडणारी रिक्षा. नणंद ताडकन उठली.

"वहिनी, हा तर आपला मकई दरवाजा!"

"कायतरीच. जपानवाल्यांना काय ठाऊक मकई दरवाजा?"

तिनं चित्र थांबवलं. व्हय, तोच होता! मी सोयगावहून लग्न करून या शहरात आले, तेव्हापासून कितीदा त्या कमानीखालून गेले असेन. पण रिक्षात बसून पदर सांभाळण्यापलीकडं तिथं काही बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता टीव्हीवर बघून मला तो एकदम देखणा वाटला.

ॲनिमेत दिसलेल्या खऱ्या जागी जायचं आणि तस्साच फोटो काढायचा, हा तिकडं मोठा शौक आहे म्हणे. लोक त्यासाठी विमानानं जातात. आम्हाला स्कूटी पुरेशी होती. गुलमंडीला ब्लाउजपीस बघायला जातो असं घरी सांगितलं आणि रविवारी सकाळीच निघालो.

पुलावर नणंदेनं मला धावायला लावलं. साडी नेसून, ट्रॅफिकमधून! एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "मावशी, सोडू का कुठं?" एवढं करून फोटो काही जुळेना. शेवटी लक्षात आलं, चित्र उंचावरून काढलंय. आम्ही मागं वळून बघितलं. पुलाच्या अंगाला एकच दुमजली घर होतं.

कडी वाजवली. एका म्हाताऱ्या खालांनी दार उघडलं. "क्या होना?"

काय सांगणार? नणंदेनं मोबाइलवर तो भाग लावला, तिथंच थांबवला आणि सरळ पुढं धरला. खालांनी चष्मा लावला, चित्र बघितलं आणि आम्हाला काही न विचारता जिना चढू लागल्या. गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत. आम्ही मागोमाग.

गच्चीवरून सगळं जुळलं. पूल, कमान, लांब मकबऱ्याचे मिनार. मी फोटो काढत होते, तेवढ्यात खालांनी नणंदेचा मोबाइल हातात घेऊन चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. गच्चीच्या कडेला हिरव्या ओढणीतली एक बाई पाठमोरी कपडे वाळत घालत होती. आम्ही एवढ्यांदा बघूनही ती आम्हाला दिसली नव्हती.

"ये तो मैंच हूँ!"

मग त्यांनीच सांगितलं. मागं एक जपानी मुलगी आली होती. भाषा येत नव्हती. हातानंच खुणा करून गच्ची मागितली आणि दुपारभर चित्र काढत बसली. खालांनी तिला खिचडी आणि वर चिंचेचा खट्टा वाढला, तिनं दोनदा मागून खाल्ला. जाताना वाकून वाकून सलाम करून गेली.

"मैं समझी, घर में लगाने कू निकाल री होंगी," खाला म्हणाल्या. "इत्ती मोटी काय कू निकाली मेरे कू?"

नणंद हसत सुटली. मी म्हणाले, "नाही हो खाला, ओढणी वाऱ्यानं फुगलीय." हे मी खोटं बोलले, पण त्यांना पटलं.

त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. सुना आल्या, नाती आल्या, शेजारची गच्चीसुद्धा भरली. जो तो मोबाइल हातात घेऊन बघे, आणि खाला प्रत्येकाला कोपरा दाखवत. शेवटी त्यांनी फर्मावलं, पहिल्यापासून लावा. मग सतरंजीवर दाटीवाटीनं बसून आम्ही अख्खा भाग बघितला. नणंद वाचून दाखवायची, एक सून दखनीत सांगायची. खालांचा भाग येऊन गेला, टाळ्या झाल्या, तरी त्या काही उठल्या नाहीत. पडद्यावर नायिका रेल्वेत बसून रडत होती.

"काय कू रो री?" खालांनी विचारलं.

"ती मोठी गोष्ट आहे," नणंद म्हणाली. "बारा भागांची."

खालांनी दुसऱ्या सुनेला हाक मारली. "चाय रख गे. इन लोगां इत्ते में नै जाते."