इल्व्हेराची मोजणी

ड्रॅगनने गाव जाळायचं ठरवलं, तरी मोजणीकाका आधी विचारत, "लगतधारकांना कळवलंय का?" आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून समजावायचे, "जाळा की. माझी ना नाही. पण शेजारच्या गावात कोणीतरी खेळतंय. त्याला पत्ता नसताना त्याच्या बांधापर्यंत आग न्यायची नाही." शेजारच्या जमिनीचा मालक तो लगतधारक, आणि त्याला नोटीस दिल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. सगळी नोकरी भूकरमापक म्हणून गेली. अर्ध्या जिल्ह्याचे बांध त्यांनी उन्हात उभं राहून मोजले होते. निवृत्तीनंतर मात्र ते जी जमीन मोजत होते, ती या पृथ्वीवर कुठेच नव्हती.

इल्व्हेरा हे त्या जमिनीचं नाव. एका परदेशी खेळातलं जग. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, एक जण जग सांगतो आणि बाकीचे त्या जगातली माणसं होतात. कोणी वैदू, कोणी भालाईत, कोणी चोर. अडलं की वीस पैलूंचा फासा टाकायचा. त्या जगाचे नकाशे, राज्यं, देवदेवता, सगळं पुस्तकांतून छापून येई. पेणला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही हे खेळायचो. काका तिथे पहिल्यांदा आले ते पाहुणे म्हणून, कोणाच्या तरी सोबत पुस्तक बदलायला. दारातूनच त्यांना आमचा नकाशा दिसला. आत आले, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही नदी डोंगर चढतेय."

पुस्तकातलाच नकाशा होता तो. तीन वर्षं आम्ही त्या नदीतून होड्या नेत होतो आणि आमच्यापैकी कोणालाही ते दिसलं नव्हतं. "बसा ना काका," कासू गावची मनीषा म्हणाली. ते बसले. पुढच्या रविवारी रोह्याहून गाडीने परत आले, तेव्हा पिशवीत ट्रेसिंगचं कापड, शाई, पट्टी आणि काकूंनी दिलेला वालाच्या बिरड्याचा डबा होता. नदी त्यांनी उतरवून दिली. मग म्हणाले, "आता बाकीचं पण बघू."

बाकीचं म्हणजे अख्खं इल्व्हेरा. एकेका गावाचा एकेक नकाशा. राक्षसाच्या गुहेला गट नंबर पडला. शापित राजवाड्याच्या चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड आले. अंतर मात्र ते स्वतः ठरवत नसत. "मी तिथे गेलेलो नाही. तुम्ही गेलात. किती पावलं चाललात ते सांगा." मग आमच्यातला एक जादूगार लांडग्यांपासून पळतानाही पावलं मोजायला लागला.

पुस्तकातल्या नकाशात दक्षिणेला एक मोठा करडा डाग होता. त्यावर 'दलदल, निर्जन' एवढंच छापलेलं. काका ती पडीक म्हणून दाखवायला निघाले, तर मनीषाने त्यांचा हात धरला. तिच्या घरच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या आहेत.

"काका, दलदल म्हंजे पडीक नाय. कोन बोलला तिथं मानसं नाय?"

"पुस्तकात लिहिलंय, बाय."

"पुस्तक लिवनारा उधानाला कदी आलता काय?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग सांग. बांध कुठे घालू?"

पुढचे चार रविवार ती सांगत होती आणि ते काढत होते. भरती अडवणारा बांध, ओहोटीला पाणी सोडणारी उघाडी, मीठ पिकायचे वाफे, पाट्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायकांची वाट. पुस्तकाने रिकामी सोडलेली जागा इल्व्हेरातली सगळ्यात नांदती जागा झाली. आजही मला त्या जगातलं काही आठवायचं म्हटलं, तर किल्ले आठवत नाहीत. तो बांध आठवतो.

रोह्यातही त्यांनी दुसरा गट जमवला. कारखान्यात शिफ्ट करणारी मंडळी होती ती. सुट्टी असेल त्या दुपारी काकांच्या ओटीवर बसत. दोन्हीकडे एकच जग. पेणच्या खेळात पूल पडला, की रोह्यातल्यांनी तो पडलेलाच धरायचा. त्यासाठी काका दर महिन्याला दोन्ही गटांना पत्र लिहीत आणि मनीषा ती सगळी हकीकत इंटरनेटवरच्या आमच्या एका सामायिक जागेत टाईप करून ठेवी. आठ वर्षांची हकीकत. कोण कुठे राहिलं, कोणाचं कोणाशी जमलं, कोण कसं मेलं.

मग परवाना संपला. जग एका कंपनीच्या मालकीचं, पुस्तकं छापायचा परवाना दुसरीकडे, आणि त्यांचं आपसात काय बिनसलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. नवी पुस्तकं बंद. जुनी विक्रीतून काढली. मालक कंपनीने कळवलं, की इल्व्हेरावर आता काहीही येणार नाही. ते जग तिला विकायचं नव्हतं, दुसऱ्या कोणाला द्यायचंही नव्हतं. नुसतं कुलूप लावून ठेवायचं होतं.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरी जेवायच्या पानाखालीसुद्धा उरलेली पत्रकं असत. मी त्या रविवारी तावातावाने बोलले.

"आपण कुळं आहोत. इतकी वर्षं हे जग आपण कसलं. कसेल त्याची जमीन."

"कूळ म्हणवतेस तर आधी मालक कबूल कर," काका म्हणाले. "मालकच नाही म्हटलंस, तर कूळ कोणाची?"

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे."

"मी बांधाच्या बाजूचा. त्यांनी लिहिलं ते त्यांचं. आपण केलं ते आपलं. मध्ये रेघ मारू, मग भांड."

"दोगं भांडा खुशाल," मनीषा म्हणाली. "मी चहा सांगतंय."

काकांनी त्या कंपनीला अर्ज केला. मराठीत, विषय आणि संदर्भ घालून: इल्व्हेरा येथील वहिवाटीस परवानगी मिळणेबाबत. इंग्रजी मीच केलं, दात-ओठ खात. सोबत बारा नकाशांच्या प्रती. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी सवयीने एक चौकट आखलेली असे, आणि त्यात मालक म्हणून त्या कंपनीचं नाव स्वच्छ अक्षरात. आमच्यापैकी कोणीही ती चौकट काढून टाका असं सुचवलं नाही, कारण मोजणीच्या नकाशात ती असतेच. "तीस दिवस वाट बघू," काका म्हणाले. "मग स्मरणपत्र."

मी वीस दिवस थांबले. एकविसाव्या दिवशी कंपनीची सगळी पुस्तकं आणि काकांचे नकाशे एकत्र बांधून मी आमच्या त्या जागेवरून जगाला खुलं केलं. वर माझं पत्रक: कल्पनेला मालक नसतो. लोकांनी भराभर उतरवून घेतलं. मला वाटलं, मी काहीतरी थोर केलं. पाचव्या दिवशी ती जागाच बंद झाली. कंपनीने तक्रार केली होती. पुस्तकांबरोबर आठ वर्षांची हकीकत गेली. तिची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती; काकांची पत्रं टाईप झाली की कोणी जपत नसे.

अर्जाचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. सभ्य पत्र होतं. तुमच्या विनंतीवर विचार चालू होता, पण आमची पुस्तकं याच नकाशांसह वाटली जात आहेत. नकाशांवर तुम्ही स्वतःच आमची मालकी नोंदवली आहे. तरी त्यांचं वाटप आणि आमच्या नावांचा वापर थांबवावा. काकांनी मला ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मनीषा भिंतीकडे बघत होती.

"मला आधी सांगितलं असतंस, तर मी नको म्हणालो असतो," काका म्हणाले.

"हो."

"म्हणून सांगितलं नाहीस."

"हो."

ते उठले, नकाशे गुंडाळले आणि गाडीला दोन तास असताना स्टेशनकडे गेले. त्यानंतरचा एक रविवार ते आले नाहीत. एवढीच त्यांनी मला दिलेली शिक्षा. मला ती अजून पुरते आहे.

दुसऱ्या रविवारी ते ब्लेडचं पाकीट घेऊन आले. "नावं त्यांची आहेत, ती परत देऊ," म्हणाले. "फेरफार करायचा." ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसता येत नाही. ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडावी लागते, नाहीतर कापड फाटतं. कंपनीने दिलेलं एकेक नाव असं खरवडायचं आणि तिथे आपलं नवं लिहायचं. नवं नाव कोणी द्यायचं? त्या गावात ज्यांची माणसं राहिली होती त्यांनी, आणि त्या सगळ्यांनी. एक जरी नाही म्हणाला तरी नाव नाही. मी म्हटलं, मत घेऊ या, लवकर होईल. "बहुमताने बांध सरकत नाही," ते म्हणाले.

कामाला वेळ लागला, कारण कोण कुठे राहिलं होतं याची हकीकतच उरली नव्हती. प्रत्येक गावासाठी माणसं शोधून, बसवून आठवावं लागे. रोह्याचा एक जण सांगे, इथे माझा घोडा मेला. मनीषा म्हणे, घोडा नाय रं, खेचर. असं करत एकेका गावाची गोष्ट पुन्हा उभी राहायची आणि मनीषा या वेळी ती कागदावर लिहून घ्यायची. नावं हे निमित्त होतं का, हे मी काकांना विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

पुढे त्यांची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं तसं पेणला येणं थांबलं, म्हणून आम्ही रोह्याला जायला लागलो. काकू पलंगावर त्यांच्या मांडीशी पाट ठेवत, त्यावर नकाशा. हात थरथरायला लागले तेव्हा ब्लेड त्यांनी मनीषाला दिलं. शाईचं पेन माझ्यापुढे केलं.

"मी?" मी म्हटलं.

"तुझं अक्षर पत्रकाचं आहे. लांबून वाचता येतं."

मी लिहायला घेतलं. दक्षिणेच्या बांधावरच्या गावाचं नाव होतं ते, मनीषाने सुचवलेलं. दोन अक्षरं झाली आणि मला राहवलं नाही.

"काका, त्या दिवशी मी जे केलं…"

"वेलांटी नीट काढ," ते म्हणाले. "शाई पसरतेय."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप पाटापासून लांब ठेवला.

ते एका मंगळवारी गेले. तेराव्यानंतर काकूंनी नकाशांची गुंडाळी आमच्या हातात दिली. "न्या बाय. घरात असलं की सारखं उघडून बघते, आणि मला त्यातलं काय बी कळत नाय."

तोवर पूर्वेकडच्या डोंगरातली अकरा गावंच राहिली होती. काका एरवी फक्त नकाशे काढायचे. स्वतः खेळले ते फक्त त्या डोंगरात, एक वर्षभर, मेंढपाळ म्हणून. बरोबर मी आणि मनीषा होतो. शेवटची ती अकरा नावं ठरवायला सगळे वाचनालयात जमलो. मनीषाने जुनी नावं खरवडली. मी पेन भरून घेतलं.

"त्यांचंच नाव देऊया एखाद्या गावाला," रोह्यातला एक जण म्हणाला. "काकांना चाललं असतं."

"त्यांना विचारलेलं नाही," मी म्हणाले. "त्यांचा मेंढपाळही तिथेच राहिला होता."

"आता कुठं इचारनार गो?" मनीषा म्हणाली. मग तिलाच ते कळलं आणि तिने ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं.

अकरा गावं कोरीच आहेत. आम्ही अजून खेळतो, पेणला आणि रोह्यालाही. त्या डोंगरात वाट चुकलेला कोणी वाटसरू कधी विचारतो, हे गाव कुठलं. जग सांगणारा नकाशातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवतो, कोणी फासा उचलत नाही, आणि आम्ही पुढच्या गावाला निघतो.