सुईची जागा

"जित्ती गायले हात नको लावू. मरी जाई तवय बलावसू तुले."

पाटील हे गोठ्यात सगळ्यांसमोर म्हणाला. चोपड्याकडचं केळीचं गाव, बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. मी सरकारी गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर, मलमपट्टी करणारा. हातात साबणाच्या पाण्याची बादली. मेलेली ढोरं ओढणं, सोलणं आमच्या घराकडे होतं, हे पाटलाला माहीत होतं. डॉक्टरसाहेबांनी ऐकलं. मला म्हणाले, "तू मागे हो."

गाय अडली होती. वासराचा पाय आत मुडपलेला. तो सरळ करायला साहेब हात घालत, की गाय कळ देई आणि हात आत दाबला जाई. कळा थांबवायच्या तर शेपटीच्या मुळाशी, दोन मणक्यांच्या फटीत बधिर करण्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. साहेबांनी दोनदा सुई घातली. दोन्ही वेळा हाडावर. साहेब नवे. फट त्यांनी कॉलेजात चित्रात पाहिलेली. मी नवव्या वर्षापासून बापाबरोबर ढोरं सोलली. तो सांधा माझ्या सुरीखाली किती वेळा आला, गणती नाही.

साहेबांनी पाटलाला गरम पाण्यासाठी पिटाळलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. मग हळूच, "कुठे रे?"

मी शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वरखाली केली आणि सांधा हलला तिथं नख रोवलं. सुई आत गेली. शेपटी लुळी पडली. अर्ध्या तासात वासरू बाहेर. जिवंत.

पाटलाने साहेबांना टॉवेल-नारळ दिला. "साहेबना हातमा देव शे." साहेब हसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

जळलो मी. खोटं कशाला सांगू? नारळाचं काही नव्हतं, पगाराचंही नाही. मला तो हात हवा होता. गोरा, मऊ, अंगठीवाला, चुकला तरी देवाचा ठरणारा. वासरू मेलं असतं तर बरं झालं असतं, इथपर्यंत मन गेलं. रात्री ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "गाय वाचनी ना, मंग काय व्हयनं?" तिच्यावरही खेकसलो.

महिन्याभराने पलीकडच्या गावात म्हैस अडली. साहेबांनी पुन्हा मालकाला बाहेर पाठवलं. "दाखव जागा."

मी हात मागे घेतले. "सुई माझ्याकडे द्या. मालकाला बोलवा. त्याच्यासमोर देतो."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या."

म्हैस कण्हत होती. माझं काळीज तुटत होतं. तरी हात पुढे केला नाही. साहेबांनी स्वतः टोचून पाहिलं. हाडच. शेवटी मालकाला हाक मारली आणि सिरिंज मला दिली. मालकाने तोंड फिरवलं. सुई पहिल्याच झटक्यात बसली. रेडकू वाचलं.

हुकूम मोडला म्हणून साहेबांनी वर तक्रार केली. जिल्ह्याच्या ऑफिसात चौकशी झाली. टेबलामागे तिघं बसलेले, तिघांचेही हात साहेबांसारखेच. पुन्हा जळलो. त्यांनी माफीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली नाही. म्हटलं, "पुढच्या वेळीही असंच करीन. मालकासमोर, माझ्या हाताने."